बाईंनी तपासलेलं पत्र

शाळेत तिला सगळे वेलांटीबाई म्हणत. मुलं पाठीमागे म्हणायची, आम्ही शिक्षक तोंडावर म्हणायचो, आणि एकदा तर मुख्याध्यापकांनीच भर सभेत "आता वेलांटीबाई प्रास्ताविक करतील" असं सांगून टाकलं. ती शांतपणे उठली, प्रास्ताविक केलं आणि बसता बसता म्हणाली, "बाहेरच्या फलकावर 'दिनांक' दीर्घ लिहिलंय, तेवढं ऱ्हस्व करून घ्या."

ती भाषा शिकवायची, मी गणित. शाळा चर्चच्या आवारातच होती. आमच्या दोघींच्या वर्गांच्या मध्ये एक पातळ भिंत होती, त्यामुळे तिचे सगळे धडे मला फुकटात ऐकायला मिळाले. निबंधाच्या तासाला ती मुलांना दरवर्षी एकच गोष्ट सांगायची. समोर माणूस बोलत असला की आपण मध्ये तोंड घालतो. पुस्तकाच्या मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून वाचत जा, ऐकायची सवय लागेल. आणि शेवटचं पान आधी उघडून बघणारा मुलगा तिच्या हाती लागला की त्याची धडगत नसे. तो वाचत नाही, उरकतो, असं तिचं म्हणणं.

शाळेत आम्ही एकमेकींना अहो-जाहो करायचो आणि फाटकाबाहेर पाय पडला की अगं-तुगं. हा नियमही तिचाच. सत्तावीस वर्षांत तिने तो एकदाही मोडला नाही.

दर रविवारी चर्चच्या उपासनेत शास्त्रवाचन, म्हणजे बायबलमधला त्या दिवसाचा पाठ वाचणं, तिच्याकडे असे. पाळक बदलले, बाकं बदलली, वाचणारी तीच राहिली. तिचा आवाज काही फार गोड नव्हता. पण ती वाचायला लागली की आपण हे पहिल्यांदाच ऐकतोय असं वाटायचं. घरी गेल्यावर त्या दिवशीच्या पाठातलं आपल्याला काय कळलं ते ती एक पानभर वहीत लिहायची. "नुसतं वाचलं की वाटतं कळलं," ती म्हणायची, "लिहायला बसलं की कळतं, काहीच कळलेलं नाही."

चर्चच्या मागे तिच्या दोन खोल्या होत्या. नवरा लवकर गेला. तेव्हा लेक सहा वर्षांची. मग त्या दोघीच. रोज संध्याकाळी प्रार्थना झाली की लेकीने एक पान लिहायचं आणि आईने लाल शाईने ते तपासायचं, हा घरचा रिवाज. मी कधी गेले तर मायलेकी टेबलाच्या दोन बाजूंना बसलेल्या असायच्या. लेक पेन इतकं दाबून लिहायची की कागदाच्या मागून अक्षरं हाताला लागायची. आईच्या शेऱ्यांचीही एक गंमत होती. साधारण मुलांच्या वहीत ती नुसती बरोबरची खूण करून सही करायची. ज्याच्यात काही आहे असं तिला वाटे, त्यालाच 'पुन्हा लिही' असा शेरा मिळायचा. लेकीला तो जवळजवळ रोज मिळे.

लेक बावीस वर्षांची झाली आणि दूरच्या शहरात नोकरी लागली म्हणून निघून गेली. आम्हाला तेवढंच माहीत होतं. पहिलं वर्षभर मी विचारायचे, काय म्हणते तुझी लेक. ती म्हणायची, बरी आहे. पुढे मी विचारणं सोडलं. दुसऱ्याच्या घरात खुपसायला माझं नाक काही एवढं स्वस्त नव्हतं. चर्चमध्येही मंडळींनी हळूहळू विचारणं बंद केलं. नऊ वर्षं अशीच गेली. मध्ये ती निवृत्त झाली, पाठोपाठ मी झाले.

ती त्रेसष्ट वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. नेहमीचा रविवार. ती वाचायला पुढे गेली, चष्मा नीट केला, पान उघडलं आणि थांबली. एवढी थांबली की पुढच्या बाकावर कोणीतरी खोकलं. मग तिने सुरुवात केली, खणखणीत आवाजात, आणि पूर्ण पाठ म्हणून ती खाली आली. पाळकसाहेबांनी नंतर तिचं कौतुकही केलं: त्या दिवसाचा नेमलेला पाठ सोडून बाईंनी वेगळाच भाग निवडला, आणि किती समर्पक निवडला. माझ्या मात्र डोक्यात काहीतरी खटकलं होतं. एवढा मोठा पाठ आणि तिने पान उलटलं नव्हतं.

बाहेर आल्यावर तिने माझं मनगट धरलं. 

"अक्षरं आहेत," ती म्हणाली. "स्वच्छ दिसताहेत. पण ती आपली नाहीत."

दवाखान्यात मीच तिला घेऊन गेले. डॉक्टरीणबाई वयाने आमच्या विद्यार्थिनी शोभतील एवढ्या, पण समजावून सांगायची हातोटी होती. मेंदूच्या मागच्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती. उजव्या बाजूचं दिसणं कमी झालं होतं, म्हणून ती सकाळपासून दाराच्या चौकटीला धडकत होती. डॉक्टरीणबाईंनी तिच्यापुढे कागद ठेवला आणि काहीही लिहा म्हणाल्या. तिने झरझर लिहिलं, 'मी शिक्षिका आहे. मी एकतीस वर्षे भाषा शिकवली.' एकही वेलांटी चुकली नव्हती. मला इतकं हायसं वाटलं की मी हसलेसुद्धा. मग त्यांनी तो कागद काढून घेतला, दुसऱ्या एक-दोन गोष्टी विचारल्या आणि तोच कागद परत तिच्यापुढे धरून म्हणाल्या, "आता हे वाचा."

तिने कागद जवळ घेतला, लांब धरला. चष्मा काढला, पुन्हा घातला. बराच वेळ गेला.

"हे कोणी लिहिलंय?" तिने विचारलं.

तिचं लिहिणं शाबूत होतं, वाचणं गेलं होतं. असं होतं, क्वचित होतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. थोडंफार सुधारेल, पूर्ण कधी सुधारेल हे सांगता येणार नाही. त्यांनी एक उपाय शिकवला: अक्षराकडे नुसतं बघायचं नाही, त्याच्यावरून बोट फिरवायचं. बोटाला वळण कळलं की कदाचित डोक्याला अक्षर कळेल. पहिलीतली मुलं पाटीवर गिरवतात, अगदी तसं.

मंडळींना काही सांगायचं नाही, अशी तिने मला शपथच घातली. घसा बसलाय असं सांगून वाचन दुसऱ्याकडे दिलं. मी रोज दुपारी तिच्याकडे जायचे आणि वाचून दाखवायचे. वर्तमानपत्र, शास्त्र, कधी शाळेच्या जुन्या मासिकातलं काही. माझे उच्चार ती सुधारायची. एका वाक्यात तीनदा अडवायची. मी म्हटलं, अगं, गणिताच्या बाईकडून एवढंच मिळेल, घ्यायचं तर घे. तेव्हा ती हसली. त्या महिन्यांत ती फारशी हसलेली मला आठवत नाही.

पाळकसाहेबांना मात्र सुगावा लागला आणि ते भेटायला आले. माणूस भला. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी प्रार्थना केली आणि मग म्हणाले, प्रभू आपल्या माणसांची परीक्षा घेतो.

"परीक्षा मीही घेतल्या, साहेब," ती म्हणाली. "पण मुलाला अक्षरओळखच नसेल, तर त्याच्या हातात प्रश्नपत्रिका देऊन मी कधी वर्गाबाहेर निघून गेले नाही."

पाळकसाहेब निघायला उठले. ते गेल्यावर तिने मला त्या दिवसाचा पाठ वाचायला सांगितलं आणि मी वाचत असताना ती भिंतीकडे तोंड करून बसली. प्रार्थना ती सोडत नव्हती. पण पूर्वी प्रार्थना करताना ती बोलायची, आता नुसते हात जुळवून बसायची. रुसलेली माणसं जेवायच्या टेबलावर येऊन बसतात ना, तशी.

मग एके दिवशी तिने मला दारातूनच परत पाठवलं. थोडे दिवस येऊ नकोस, म्हणाली, मी वाचायचा सराव करतेय आणि तू समोर असलीस की मला लाज वाटते. मला ते पटलं. थोडं वाईटही वाटलं, पण पटलं. अधूनमधून मी खिडकीवरून जायचे. ती टेबलाशी वाकून बसलेली असायची आणि तिचं बोट कागदावरून गोगलगायीसारखं सरकत असायचं. चांगलं चाललंय, असं मी मनाशी म्हणायचे आणि पुढे जायचे. आजही तो विचार मला टोचतो.

सहा आठवडे उलटले आणि एका दुपारी ती स्वतःच माझ्या दारात उभी राहिली. चालत आली होती, एकटी. वाटेत कुठेतरी उजवा खांदा आपटून खरचटला होता. हातात चार कागद.

"चौथं पान," ती म्हणाली. "खालचं. मी नीट वाचलंय का, एवढंच सांग."

अक्षर दाबून लिहिलेलं होतं. बघताक्षणी मी ओळखलं. लेकीने लिहिलं होतं की पोटात गाठ निघाली आहे आणि पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला शस्त्रक्रिया ठरली आहे. खाली इस्पितळाचं नाव होतं, पत्ता होता. मग लिहिलं होतं, 'आई, जमलं तर ये. मी वाट बघेन. नाही आलीस तरी मी समजून घेईन.'

मी वाचून दाखवलं.

"म्हणजे मी बरोबर वाचलं होतं," ती म्हणाली. "आज काय तारीख?"

मला सांगावी लागली. बारा तारीख उलटून तीन आठवडे होऊन गेले होते.

ती माझ्या खाटेवर बसली आणि तेव्हा पहिल्यांदा तिने मला सगळं सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी लेकीने जाताना तिच्या उशीखाली अकरा पानांचं पत्र ठेवलं होतं. मला आता प्रार्थना करता येत नाही, असं त्यात लिहिलं होतं. करते तेव्हा मी तुझ्याशी खोटं बोलत असते, आणि खोटं लिहू नये असं तूच शिकवलंस. आपल्या घरात आपण एकमेकींना तपासतो, बोलत नाही, असंही लिहिलं होतं. तिने ते वाचलं. दुसऱ्या दिवशी लाल पेन घेऊन ती बसली आणि अकराच्या अकरा पानं तपासली. शेवटी शेरा मारला, 'विचार कच्चा. पुन्हा लिही.' आणि टपालाने लेकीला परत पाठवून दिली.

"मला वाटलं, ती लिहील," ती म्हणाली. "तिला माहीत होतं, 'पुन्हा लिही' मी कोणाला म्हणते ते. मी नऊ वर्षं वाट बघत होते."

हे पत्र आलं तेव्हा तिला पाकिटावरचं नाव वाचता आलं नव्हतं. पण पाकीट उलटं करून बोट फिरवल्यावर अक्षर कोणाचं ते कळलं. मला का नाही बोलावलंस, असं मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं. लेकीचं नऊ वर्षांनी आलेलं पत्र तिला दुसऱ्या कोणाच्या आवाजात ऐकायचं नव्हतं. आणि त्या लाल शाईची गोष्ट त्यात असणार, ती मला कळेल याची लाज होती. म्हणून एकेक अक्षर गिरवत ती बसली. दिवसाला दोन ओळी, कधी तीन. वाचलेलं लिहून ठेवून उपयोग नव्हता, लिहिलेलं पुन्हा वाचता आलं नसतं. म्हणून रोजच्या ओळी ती पाठ करायची. पहिली तीन पानं तिने मला तिथे खाटेवर बसून घडाघडा म्हणून दाखवली. लेक एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करत होती. दिवसभर लोकांच्या चुका काढायची. खोलीच्या खिडकीतून तिला एक पाण्याची टाकी दिसायची आणि त्यावर बसणारी कबुतरं. तिने लिहिलं होतं की मी अजून प्रार्थना करत नाही, पण रविवारी सकाळी, तू वाचत असशील त्या वेळेला, मी गप्प बसून राहते.

"शेवट आधी बघायचा नाही," ती म्हणाली. "मी बघितला नाही गं."

मी तिला विचारलं, या पत्रानंतर आणखी काही टपाल आलं का. आलं असेल, फळीवर ठेवलंय, ती म्हणाली. मी तिला बसवून तिच्या घरी धावले. विजेची बिलं, चर्चचं पत्रक आणि त्यांच्यात एक लांबट पाकीट. पत्ता टंकलेला होता. टंकलेली अक्षरं बोटाला लागत नाहीत. कुठल्यातरी कचेरीचं असेल म्हणून तिने ते बाजूला ठेवलं होतं. ते छापखान्याच्या व्यवस्थापकांचं होतं. मी तिथेच उभ्याउभ्या फोडलं. सव्वादोन आठवड्यांपूर्वीची तारीख होती.

परत आले तर ती तशीच बसलेली होती. मी कागद हातात घेऊन उभी राहिले.

"मोठ्यानं वाच," ती म्हणाली. "आणि सावकाश."

मी वाचलं. शस्त्रक्रिया नीट पार पडली होती. चौथ्या दिवशी ताप चढला आणि पाचव्या दिवशी सगळं संपलं. अंत्यविधी छापखान्यातल्या लोकांनी केला होता. तिच्या सामानाचं काय करायचं ते कळवावं, असं शेवटी होतं.

ती रडली नाही. तिने मला ते पत्र पुन्हा वाचायला लावलं, आणि मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा वाचताना माझाच आवाज फुटला, तेव्हा तिने माझ्या हातातून कागद काढून घेतला.

आम्ही दोघी त्या शहरात गेलो. गाडीने पूर्ण दिवस लागला. छापखान्यातली एक बाई, जी लेकीच्या शेजारच्या टेबलावर बसायची, ती आम्हाला खोली दाखवायला आली. खोली एवढीशी, टापटीप. तिथे उभी राहून ती बाई बोलली. तिला वाटलं असावं, सांगणं हा आपला धर्म आहे. मला वाटत होतं, हिला कोणी थांबवा. शस्त्रक्रियेच्या आधी दोन दिवस लेक इस्पितळात होती. भेटायची वेळ चार ते सहा. दोन्ही दिवस ती पावणेचारला उठून केस विंचरायची आणि दाराकडे तोंड करून बसायची. दुसऱ्या दिवशी सहाची घंटा झाली तेव्हा ती या बाईला म्हणाली होती, पत्र उशिरा पोचलं असेल.

"रागावली होती का?" आईने विचारलं.

"नाही हो. म्हणाली, आमची आई काही वाचायला घेतलं की पूर्ण वाचूनच उठते. घाई करत नाही."

तेव्हा ती रडली. उभ्याउभ्या, त्या बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून. अनोळखी बाई ती, पण तिने तिला घट्ट धरलं आणि तीही रडली. मी खिडकीशी गेले. टाकी होती, कबुतरं नव्हती.

परत आल्यावर दोन रविवार ती चर्चला आली नाही. तिसऱ्या रविवारी आली आणि पाळकसाहेबांना म्हणाली, मला मंडळींशी बोलायचंय. वाचायच्या जागी जाऊन ती उभी राहिली. समोरचं शास्त्र मिटलेलं होतं, ते तिने मिटलेलंच ठेवलं.

मला वाचता येत नाही, असं तिने सांगितलं. घसा बसलाय हे खोटं होतं. माझी लेक गेली, हेही सांगितलं. मग म्हणाली, "माझ्या मुलीनं मला आयुष्यात एकदा खरं लिहिलं. मी त्यातल्या चुका काढल्या. तुमच्यासमोर इतकी वर्षं वाचलं, पण तिचं मला वाचता आलं नाही, आणि तेव्हा माझे डोळे धड होते. हे तुम्हाला माहीत असावं, म्हणून सांगितलं."

खाली उतरताना उजवीकडची पायरी तिला दिसली नाही. ती चाचपडत थांबली, मी उठून गेले आणि तिला हाताला धरून शेवटच्या बाकावर आणून बसवलं. पुढे ती कायम तिथेच बसू लागली.

त्यानंतर चार वर्षं ती जगली. लोक विचारायचे, बाईंचा विश्वास टिकला का. मला नीट सांगता येत नाही. रविवार तिने चुकवला नाही. पाठातलं काय कळलं ते लिहायची वही मात्र तिने पुन्हा उघडली नाही. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाली, पूर्वी मला वाटायचं, मी त्याचं वाचते. आता वाटतं, तो माझं वाचत असेल, आणि त्याला घाई नसेल तर बरं. मी रोज दुपारी जातच राहिले. माझे उच्चार तिने पुन्हा कधी सुधारले नाहीत. मी मुद्दाम चुकून पाहिलं, तरी ती गप्प ऐकत राहायची.

शेवटच्या वर्षातल्या एका दुपारी मी वाचत असताना तिने हात वर केला. मी थांबले.

"तुला काय वाटतं," ती म्हणाली, "शेवटी तिला कळलं असेल का, की मी आले असते?"

मी आयुष्यभर गणित शिकवलं. उत्तर येत नसेल तर जागा कोरी सोडा, अंदाजे काही ठोकू नका, असं मुलांना सांगत आले. पण त्या क्षणी हो म्हणावं असं फार फार वाटलं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

मग तिने माझा हात शोधला, तो तिच्या उजव्या बाजूला होता म्हणून तिला जरा वेळ लागला, आणि हातात धरून ठेवला. बाहेर शाळा सुटली होती. मुलांचा गलका आवारातून फाटकापर्यंत गेला आणि मग रस्त्यावर पांगला. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. त्या दिवशी पुढचं वाचायचं राहूनच गेलं.